बंद सोन्याच्या खाणीसाठी पर्यावरण मंजुरी: अर्ज नेमका कुठे अडतो

बंद पडलेली खाण पुन्हा चालवायची म्हटलं की अर्जदार पहिल्याच भेटीत एक वाक्य हमखास टाकतो, "खाण तर आधीपासूनच आहे, फक्त चालू करायची आहे." फाइल परत येण्याची सुरुवात तिथूनच होते. कर्नाटकातली कोलारची सोन्याची खाण २८ फेब्रुवारी २००१ ला बंद झाली आणि आज लागू असलेली पर्यावरण आघात मूल्यांकनाची अधिसूचना १४ सप्टेंबर २००६ ची आहे. त्यामुळे खाण शंभर वर्षं चाललेली असली तरी मंजुरीच्या दृष्टीने ती नवीनच. गंमत म्हणजे जुन्या काळाचा हिशेब मात्र पै-पैचा मागतात.

अर्ज करायचा तर खाणपट्टा (खाणकामासाठीचा भाडेपट्टा) किंवा त्याचं इरादापत्र तुमच्याच नावावर हवं आणि खाण आराखड्याला भारतीय खाण ब्युरोची मान्यता हवी. इथे एक गोष्ट आधी तपासा. सलग दोन वर्षं उत्पादन आणि मालाची पाठवणी बंद राहिली आणि राज्य सरकारने मुदत वाढवून दिली नसेल, तर पट्टा व्यपगत होतो, म्हणजे संपतो. जुन्या मालकाकडून "पट्ट्यासकट" खाण घेतल्याचं सांगणारे लोक भेटतात, तेव्हा काय बोलावं सुचत नाही.

प्रक्रिया कागदावर सोपी आहे. 'परिवेश' या सरकारी मंजुरी पोर्टलवर अर्ज, मग कार्यकक्षा म्हणजे टीओआर (अभ्यासात काय काय तपासायचं त्याची यादी), अभ्यास, जनसुनावणी, तज्ज्ञ समितीपुढे सादरीकरण. प्रकल्प केंद्राकडे जाणार की राज्याकडे हे क्षेत्रफळावरून ठरतं आणि ती मर्यादा मध्ये बदलली आहे, म्हणून कुणाच्या जुन्या पुस्तिकेवर जाऊ नका. अहवाल मान्यताप्राप्त सल्लागाराकडूनच करून घ्यावा लागतो.

आता कुणाकडेच नसलेला कागद. खाणींसाठीच्या प्रमाणित टीओआरचं पहिलंच कलम १९९४ पासूनचं वर्षवार उत्पादन मागतं, शिवाय १९९४ च्या आधी कुठल्याही एका वर्षात झालेलं सर्वाधिक उत्पादनही. कंपनी केव्हाच गुंडाळलेली, कचेरीला कुलूप, रजिस्टरं वाळवीने खाल्लेली. मग लोक स्वतःच्या लेटरहेडवर आकडे लिहून देतात आणि समिती ते परत पाठवते. आकड्यांवर राज्याच्या भूविज्ञान व खनिकर्म खात्याचा शिक्का लागतो. रॉयल्टीच्या नोंदी त्या खात्याकडे असतात आणि खाण ब्युरोकडे जुनी वार्षिक विवरणपत्रं मिळू शकतात, ती काढायला टीओआरची वाट न बघता आधीच अर्ज टाका. बंद काळातल्या वर्षांपुढे शून्य लिहा. रकाना कोरा ठेवलात की लपवाछपवीचा संशय येतो. तो अगदीच वावगा नाही, कारण मंजुरीविना काढलेल्या खनिजाची पूर्ण किंमत वसूल करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २ ऑगस्ट २०१७ च्या निकालात स्पष्ट केलं आहे.

दुसरी अडचण आकड्यांच्या मेळाची. खाण आराखडा, अहवाल आणि जनसुनावणीची कागदपत्रं यांत क्षेत्र, उत्पादन आणि टाकाऊ माल यांचे आकडे एकच हवेत. मी पाहिलेल्या एका फाइलीत आराखड्यात क्षेत्र ९८.४० हेक्टर होतं आणि अहवालाच्या मराठी सारांशात ९८.०४. टायपिस्टची चूक. पण सुनावणी होऊन गेली होती, आणि लोकांना नेमकं कोणतं क्षेत्र सांगितलं, या एका प्रश्नावर ते प्रकरण कित्येक महिने लटकलं. सारांश छापायला देण्याआधी प्रत्येक आकड्याखाली पट्टी धरून वाचा.

तिसरी गोष्ट झाडांची. वीस-पंचवीस वर्षं कुणी फिरकलं नाही की खाणीच्या आवारात रान माजतं. महसुली नोंदीत 'वन' नाही म्हणून निर्धास्त राहू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या गोदावर्मन निकालापासून वन ठरवताना शब्दाचा रूढ अर्थ पाहतात. २०२३ मध्ये वनकायदा बदलला, तरी फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम आदेशाने न्यायालयाने तोच अर्थ चालू ठेवला. वन निघालं तर वनमंजुरीचा अर्ज वेगळा, आणि वनहक्कांचा प्रश्न असेल तर ग्रामसभाही आली.

मुदतीचा घोळ बहुतेक वेळा हवा-पाण्याच्या नमुन्यांत होतो. नमुने पावसाळा सोडून एका पूर्ण हंगामाचे हवेत. जूनमध्ये टीओआर हातात पडला म्हणून जूनमध्येच यंत्रं लावणाऱ्यांचा पैसा वाया जातो. आणि हे आकडे मंजुरीचा अर्ज दाखल करताना तीन वर्षांहून जुने चालत नाहीत. टीओआरला मुदतवाढ मिळाली म्हणजे आकड्यांनाही मिळाली, असं अनेकजण धरून चालतात. नाही मिळत.

सोन्याच्या खाणीत खरी परीक्षा असते ती सोनं काढून उरलेल्या जुन्या गाळाच्या ढिगांची आणि तुंबलेल्या पाण्याची. कोलारला असे १३ ढीग आहेत, सुमारे ३.३ कोटी टनांचे. सोनं सायनाइडने काढत, त्यामुळे अहवालवाले सायनाइड तपासून मोकळे होतात. पण सायनाइड उन्हाने हळूहळू विघटित होतं, धातुकातलं (सोनं असलेल्या दगडातलं) आर्सेनिक तसंच राहतं. दोन्ही तपासा, आणि वाऱ्याने धूळ कुठे जाते तेही. कोलारचीच चॅम्पियन रीफ खाण तर तीन किलोमीटरहून खोल. बंद खाणीत पंप थांबले की पाणी भरतं. ते उपसून कुठल्या ओढ्यात सोडणार आणि भोवतालच्या विहिरींची पातळी किती उतरणार, याची उत्तरं गोलमोल दिलीत तर समिती पुढे सरकत नाही. उपशासाठी भूजल प्राधिकरणाचं ना-हरकत वेगळं लागतं.

जनसुनावणीबद्दल गावकऱ्यांसाठी थोडं जास्त लिहितो. ती प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं, किमान ३० दिवसांची नोटीस देऊन, आणि जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्याहून कमी दर्जाचा नसलेला अधिकारी तिथे बसतो. गणसंख्येची अट नाही, म्हणजे कुणी आलं नाही तरी सुनावणी झालीच, हे लक्षात ठेवा. बहिष्काराने ती रद्द होत नाही. एका सुनावणीत एक म्हातारे शेतकरी खाण चालू असताना आपल्या विहिरीचं पाणी किती परसांवर (परस म्हणजे पुरुषभर खोली) गेलं होतं, ते वर्षासकट वीस मिनिटं सांगत होते. इतिवृत्तात ओळ आली: "पाण्याविषयी शंका व्यक्त केली." शेवटी मुद्दे स्थानिक भाषेत वाचून दाखवणं बंधनकारक आहे, तेव्हा जेवायला न जाता थांबा आणि तिथल्या तिथे दुरुस्ती मागा. त्याहून बरं म्हणजे म्हणणं लेखी द्या आणि पोच घ्या. लेखी आक्षेप सुनावणीला न येताही पाठवता येतो.

मंजुरी मिळाल्यावर अर्जदाराने सात दिवसांत स्थानिक वर्तमानपत्रांत जाहिरात द्यायची असते. मंजुरीविरुद्ध हरित न्यायाधिकरणात जायचं तर ३० दिवस, आणि सबळ कारण असेल तर आणखी ६०. नव्वद दिवसांनंतर न्यायाधिकरणालाच उशीर माफ करण्याचा अधिकार उरत नाही. ही मुदत मंजुरी पहिल्यांदा जाहीर झाल्यापासून धरतात, तुम्हाला प्रत हातात पडली त्या दिवसापासून नव्हे. म्हणून सुनावणी झाली की दर आठवड्याला 'परिवेश'वर प्रस्तावाचा क्रमांक टाकून बघत जा. तो क्रमांक सुनावणीच्या दिवशीच अर्जदाराकडून लिहून घ्या.