मालवणचे प्रवाळ, बेलीझचे विवर

तारकर्लीला पहिल्यांदा स्कूबा केले की पुष्कळांना मध्य अमेरिकेतल्या बेलीझ देशाचे ग्रेट ब्लू होल खुणावू लागते. सुमारे ३०० मीटर रुंद, १२० मीटरांहून खोल असे हे समुद्रातले विवर १९७१ साली फ्रेंच समुद्रसंशोधक जॅक कुस्तो यांच्या मोहिमेमुळे जगाला माहीत झाले. पण तसले विवर कोकणात का नाही, याचे उत्तर खडकात आहे.

शेवटच्या हिमयुगात, साधारण २० हजार वर्षांपूर्वी, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. बेलीझचा चुनखडक तेव्हा उघडा होता. असा खडक पावसाच्या पाण्यात विरघळतो. त्यात गुहा झाल्या, छत कोसळले आणि पुढे समुद्र वर चढला. आज ४० मीटर खोलीवर दिसणारे लवणस्तंभ (गुहेच्या छताला लोंबणारे चुन्याचे सुळके) हा त्याचा पुरावा, कारण ते फक्त हवा असलेल्या गुहेतच वाढतात. समुद्र कोकणातही हटला होता. मात्र आपल्याकडे बेसाल्ट, जांभा आणि दक्षिणेला ग्रॅनाइट. त्यांत अशा गुहा कोरल्या जात नाहीत.

आपल्याला मिळाले ते खडकांवर वाढलेले प्रवाळ. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा हा भाग १९८७ मध्ये सागरी अभयारण्य झाला. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. मासेमारीवर बंधने येतील म्हणून मच्छीमारांनी विरोध केला, आणि ती भीती निराधार नव्हती. पर्यटन वाढले तसे त्यांच्यापैकी अनेकांच्या होड्या डायव्हिंगकडे वळल्या. प्रवाळावर नांगर टाकला की वर्षानुवर्षांची वाढ एका ओढीत तुटते, म्हणून होडी कायमच्या तरंगत्या बोयालाच बांधायला हवी. पावसाळ्यात नद्यांचा गाळ येतो आणि डायव्हिंग बंद राहते. त्यामुळे इथे गाळ सोसणारे, गोलसर किंवा खडकाला चिकटून पसरणारे प्रवाळ जास्त.

मालवणचा नवशिक्यांचा डाइव्ह दहा मीटरांच्या आतला. प्रशिक्षक मागून सिलिंडर धरून असतो. तुम्ही तोंडाने सावकाश श्वास घ्यायचा आणि पहिल्या मीटरपासूनच नाक दाबून कान मोकळे करत जायचे. कान दुखेपर्यंत थांबले तर कानापासून घशापर्यंतची नळी दाबाने मिटते, मग थोडे वर येण्यावाचून गत्यंतर नसते.

ब्लू होलचे गणित वेगळे. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार (१ बार म्हणजे साधारण पृष्ठभागावरचा हवेचा दाब) दाबाने साधारण २४०० लिटर हवा मावते. ५० बार राखीव ठेवले की उरते १८००. दर १० मीटरला दाब एका बारने वाढतो आणि तितकी जास्त हवा लागते; पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर लागत असतील तर १० मीटरवर ४० लागतात, म्हणजे ४५ मिनिटे. ४० मीटरवर १०० लागतात, म्हणजे १८ मिनिटे, आणि त्यातच वर येण्याचा वेळही धरायचा. शिवाय ३० मीटरनंतर नायट्रोजनची गुंगी चढते आणि गेज वाचतानाही चूक होते.

खोल डाइव्ह कोकणातच हवा असेल तर आंग्रिया बँक हे समुद्रात बुडालेले पठार आहे, किनाऱ्यापासून सुमारे १०० किलोमीटरवर. हिमयुगात हिचा माथा पाण्याबाहेर होता. आज तो साधारण २० मीटर खाली सुरू होतो. ओपन वॉटर या पहिल्या प्रमाणपत्राची मर्यादा १८ मीटर, म्हणजे पुढच्या ॲडव्हान्स्ड प्रमाणपत्राशिवाय तिथे उतरता येत नाही. आणि काही बिघडले तर ८-१० नॉट (ताशी साधारण १५ ते १८ किलोमीटर) वेगाच्या बोटीला किनारा साडेपाच ते सात तासांवर.