ब्रेकची थरथर : डिस्क खरोखरच वाकते का?

जुन्या स्पोर्ट्स कारचा ब्रेक दाबताच स्टिअरिंग थरथरू लागले, की ‘डिस्क तापून वाकली’ असे निदान वर्षानुवर्षे केले जाते. प्रत्यक्षात ओतीव लोखंडाची डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची चकती, रस्त्यावरच्या वापरात क्वचितच वाकते. बहुतेक वेळा दोष तिच्या जाडीतील असमानतेत असतो. तापलेला ब्रेक गाडी थांबल्यावरही दाबून धरला, तर पॅडचे (डिस्कला दाबून धरणाऱ्या घर्षणपट्टीचे) द्रव्य डिस्कवर एकाच जागी चिकटते. किंवा हबवरच्या (डिस्क व चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागावरच्या) गंजामुळे डिस्क किंचित तिरकी बसते आणि प्रत्येक फेरीत ठरावीक ठिकाणीच पॅडला घासून झिजत जाते. जाडीतील हा फरक ०.०२ मिलिमीटर असला तरी थरथर जाणवू शकते, म्हणून तो नजरेने ओळखता येत नाही.

डिस्क बदलण्यापूर्वी हबचा गंज घासून काढावा, डिस्क फिरताना किती डगमगते ते डायल गेजने (सूक्ष्म हालचाल दाखवणाऱ्या काट्याच्या मापकाने) मोजावे आणि मायक्रोमीटरने परिघावर किमान आठ ठिकाणी जाडी तपासावी. जुन्या गाडीत माझ्या मते सर्वाधिक दुर्लक्षित राहतात ते सस्पेन्शनचे रबरी बुश, म्हणजे त्याच्या सांध्यांत बसवलेल्या रबरी नळ्या. चांगल्या स्थितीत ते जो बारीक कंप जिरवतात, तोच ते झिजल्यावर थेट स्टिअरिंगपर्यंत पोहोचतो. गंजलेला हब आणि झिजलेले बुश तसेच ठेवले, तर नव्या डिस्कवरही काही काळाने तीच तक्रार उद्भवते.