किल्ला यादीत, लष्कर यादीबाहेर

मार्च २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारसा यादीत मध्य प्रदेशातल्या सहा ठिकाणांची भर पडली. त्यात ग्वाल्हेरचा किल्ला होता. त्याआधी जेमतेम पाच महिने, ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस, युनेस्कोनं ग्वाल्हेरला ‘संगीताचं शहर’ म्हणून निवडलं होतं. आणि २०२० मध्ये युनेस्कोच्याच ऐतिहासिक शहरी परिसराच्या उपक्रमात ओरछाबरोबर ग्वाल्हेरचं नाव आलं होतं. चार वर्षांत तीन वेळा. इथल्या मराठी माणसांच्या महाराष्ट्रातल्या नातेवाइकांना ही बातमी थोडी कोड्यात टाकणारी वाटते, कारण २०२५च्या जुलैत मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसास्थळ झाले, अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी, आणि त्यात महादजींचं ग्वाल्हेर नाही. ते असायचं कारणही नव्हतं. हा किल्ला मराठ्यांनी बांधला नाही, त्यांनी तो घेतला, गमावला, पुन्हा घेतला.

संभाव्य यादीत नाव येणं म्हणजे वारसास्थळ होणं नव्हे. ती रांगेतली पहिली पायरी. पुढे प्रस्ताव लिहावा लागतो, ठिकाणाची हद्द आखावी लागते, त्या हद्दीभोवती बफर झोन, म्हणजे संरक्षणाचा पट्टा, दाखवावा लागतो, आणि गर्दी, वाहनं, दुरुस्ती, पैसा या सगळ्यांचं व्यवस्थापन कसं होणार ते कागदावर मांडावं लागतं. ग्वाल्हेरात खरी अडचण त्या बफर झोनपाशी आहे. किल्ला टेकडीवर एकटा उभा आहे, पण टेकडीच्या पायथ्याला चारी बाजूंनी शहर चिकटलेलं आहे. उत्तर-पूर्वेला किल्ला गेट आणि हजिऱ्याकडचं जुनं ग्वाल्हेर, दक्षिणेला दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वाढलेली ‘लष्कर’ नावाची वस्ती. ही रेषा कुठून काढायची, हा प्रश्न आज आला असला तरी त्याची मुळं फार मागे आहेत.

किल्ला टिकला तो कुणी जपला म्हणून नाही, वापरात राहिला म्हणून. चतुर्भुज मंदिरातला सन ८७६चा शिलालेख, ज्यात २७० हा आकडा शून्यासकट कोरलेला आहे, तो कुणी गणिताच्या इतिहासासाठी कोरला नव्हता. देवाच्या फुलांसाठी बाग दिली, तिची लांबी २७० हात, एवढाच तो व्यवहार. सहस्रबाहू मंदिर १०९३ मध्ये पुरं झालं. मानसिंह तोमरानं (१४८६ ते १५१६) मानमंदिर उभारलं ते राहण्यासाठी. निळ्या फरश्यांवरची बदकं आणि हत्ती आज फोटोत येतात, तेव्हा ती घराची सजावट होती. मुघलांनी त्याच महालाचा तुरुंग केला. १५२८ मध्ये बाबर इथं आला तो पाहुणा म्हणूनच. तलाव, महाल, मंदिरं बघत फिरला, आवडलं-नावडलं ते नोंदवून ठेवलं, आणि किल्ल्याच्या उरवाई बाजूच्या कड्यात कोरलेल्या नग्न जैन मूर्ती फोडायचा हुकूमही दिला. ग्वाल्हेर पाहून लिहून ठेवणाऱ्यांत तो अगदी सुरुवातीचा, आणि नुकसान करून जाणाऱ्यांतही. तोंडं फुटली, अंगं बहुतेक शाबूत राहिली, आणि पुढे जैन समाजानं चुना-गचकामानं कित्येक चेहरे पुन्हा घडवले. आज ज्याला आपण संवर्धन म्हणतो त्यातलं हे या टेकडीवरचं जुनं काम, आणि ते सरकारनं नाही, भाविकांनी केलेलं.

सरकारी संवर्धन आलं ते इंग्रजांबरोबर, तेही आधी मोडतोड करून. १८५८च्या जूनमध्ये राणी लक्ष्मीबाई ग्वाल्हेरजवळ पडली आणि किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला. वर पलटण बसली, बरॅका उठल्या, कवायतीचं मैदान झालं, त्यात जुनं बरंच गेलं. तेली मंदिरात गोऱ्या सोजिरांसाठी सोडावॉटर बनत असे, असं किल्ल्यावरचे गाइड अजून रंगवून सांगतात. आणि त्याच तेली मंदिराची १८८१ ते १८८३ या काळात मेजर कीथनं दुरुस्ती केली, मानमंदिराचीही केली. ज्यांनी खराब केलं त्यांनीच पैसे काढून नीट केलं, हा क्रम ग्वाल्हेरला नवा नाही. १८८६ मध्ये झाशीच्या बदल्यात किल्ला शिंद्यांना परत मिळाला. बरॅका राहिल्या. त्यांत पुढे सरदारांच्या मुलांची शाळा भरली, आजची सिंधिया स्कूल. ती अजून वर आहे, म्हणजे किल्ल्यावर आजही रोज लोक राहतात, शिकतात, जेवतात. हे अनेक संरक्षित किल्ल्यांच्या नशिबी नाही.

मधला काळ मराठी वाचकांनी विशेष लक्षात ठेवावा असा आहे, कारण त्याबद्दल फार कमी बोललं जातं. १९०४चा कर्झनचा प्राचीन स्मारक कायदा ब्रिटिश मुलखासाठी होता, संस्थानांना तो आपोआप लागू नव्हता. माधवराव शिंद्यांच्या दरबारानं १९१३ मध्ये आपलं स्वतःचं पुरातत्त्व खातं काढलं. त्याची धुरा एम. बी. गर्दे यांच्याकडे आली. याच सुमारास देवदत्त रामकृष्ण भांडारकर संस्थानच्या हद्दीत, विदिशाजवळ बेसनगरला उत्खनन करत होते. १९२१ मध्ये दरबारानं बाघच्या लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या नकला करायला नंदलाल बोस, असितकुमार हालदार आणि सुरेंद्रनाथ कर यांना बोलावलं. त्यानंतर गूजरी महालात संग्रहालय थाटलं गेलं. ग्यारसपूरची शालभंजिका ही दगडी स्त्रीमूर्ती, जी आज कुलपाआड ठेवतात, ती तिथंच आहे. हे सगळं पर्यटनासाठी नव्हतं. संस्थानाला आपण सुसंस्कृत आहोत हे दिल्लीला दाखवायचं होतं, हा हेतू त्यात होताच, आणि त्यात मला गैर काही दिसत नाही. पण त्या खात्याच्या नजरेत होतं ते प्राचीन आणि मध्ययुगीन. लष्कर तेव्हा शंभर वर्षांचं जुनं होतं, त्यात दरबारी माणसं राहत होती, त्याला कोण पुरातत्त्व म्हणणार?

तीच नजर पुढे कायद्यात उतरली. १९५१च्या कायद्यानं संस्थानांतली महत्त्वाची स्मारकं राष्ट्रीय महत्त्वाची ठरली, १९५८चा कायदा आला, आणि २०१०च्या दुरुस्तीनं संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीची अट आली. मुंबईत बसून हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. सूफी संत मुहम्मद घौसाच्या मकबऱ्याशेजारी किंवा किल्ला गेटाच्या आसपास ज्यांची पिढीजात घरं आहेत, त्यांना गळकं छत नीट करायलाही अर्ज करावा लागतो. म्हणून माणसं अर्ज करत नाहीत, रात्रीत पत्रा चढवतात. वारसा जपायला केलेला नियम वारशाभोवती पत्र्याच्या शेडी उभ्या करतो, हे कुणाला नको असलं तरी होतं. आणि लष्करातले बहुतेक राहते वाडे या कायद्याच्या कक्षेतच येत नाहीत, तिथं काहीही पाडता येतं.

लष्कर म्हणजे १८१० साली दौलतरावांनी किल्ल्याच्या दक्षिणेला टाकलेला तळ. तंबूंची घरं झाली, घरांचे वाडे, वाड्यांच्या गल्ल्या. शिंदे की छावणी, जनकगंज, दौलतगंज, माधवगंज, चितनीस की गोठ: नावांवरूनच कोण कुठं उतरलं ते कळतं. सरदार, चिटणीस, शास्त्री, कारकून, गवई. कोकण-देशावरून आलेल्या माणसांनी ग्वाल्हेरच्या दगडात घरं बांधली, म्हणून चौक मराठी आणि जाळ्या, झरोके इथल्या कारागिरांचे. ही मिसळण किल्ल्यावर सापडत नाही, पुण्यातही नाही. संस्थानं गेली तसं या वाड्यांचं उत्पन्न गेलं, मुलं नोकरीसाठी पुण्याला, इंदूरला गेली, सातबाऱ्यावर नाही तरी मालकीच्या कागदावर दहा-बारा नावं झाली. तळमजल्यावर जुन्या भाड्याची दुकानं, वर कुलूप. एक तुळई मोडली की कोणी पैसे घालायचे यावर वर्षं जातात, आणि मग बिल्डर येतो. यात कुणी खलनायक नाही. पण रोज एकेक दर्शनी भाग जातोय.

पर्यटन म्हणावं असं ग्वाल्हेरात आलं ते १९६४ नंतर, जयविलास पॅलेसच्या एका भागात जिवाजीराव शिंद्यांच्या नावानं संग्रहालय उघडलं तेव्हापासून. मायकेल फिलोझनं जयाजीरावांसाठी १८७४ मध्ये बांधलेला हा राजवाडा, साडेतीन-साडेतीन टनांची दोन झुंबरं, ती टांगण्याआधी छतावर हत्ती चढवून पाहिल्याची गोष्ट, जेवणाच्या टेबलावरून फिरणारी चांदीची आगगाडी. पाहुण्यांना घेऊन गेलं की ते आगगाडीपाशी थांबतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. हे खासगी संग्रहालय तिकिटावर चालतं. दुसरीकडे किल्ला. आणि दोन्हींच्या मधे शहर, ज्यातून गाड्या फक्त जातात. आग्रा १२० किलोमीटरवर आहे. सकाळी निघायचं, किल्ला, जयविलास, जेवण, संध्याकाळी परत किंवा पुढे ओरछा-खजुराहो. असा प्रवासी गर्दी करतो, पाणी वापरतो, कचरा टाकतो आणि मुक्कामाचा पैसा मागे ठेवत नाही. उरवाईच्या अरुंद चढावर सुट्टीच्या दिवशी गाड्यांची जी रांग लागते, ती याच हिशेबातून. रोपवेची चर्चा त्यासाठीच वर्षानुवर्षं सुरू आहे. त्यानं चढ हलका होईल, पण एका तासात वर पोचणारी माणसं वाढतील, आणि मानमंदिराचे जिने, तळघरं तेवढीच राहतील. हा दुसरा भाग चर्चेत कमी येतो.

संगीताचं काय झालं ते सांगायला तानसेनाच्या चिंचेचं उदाहरण पुरेसं आहे. घौसाच्या मकबऱ्याच्या आवारात तानसेनाची कबर आहे, तिच्याजवळ चिंचेचं झाड. पाला खाल्ला की गळा गोड होतो, अशी श्रद्धा. गवयांनी खाल्ला, होतकरूंनी खाल्ला, सहलीच्या पोरांनी खाल्ला. मूळ झाड कधीच गेलं, आत्ताचं नंतर आलेलं आहे. भक्तीनं आणि कुतूहलानं ओरबाडलेलं झाड, त्यात वाईट हेतू कुणाचाच नाही. १९२४ मध्ये तिथं उरुसाच्या निमित्तानं सुरू झालेली मैफल आज तानसेन समारोह म्हणून शंभरी ओलांडून गेली. डिसेंबर २०२३ मध्ये किल्ल्यावर हजारावर तबलजी एकत्र बसवून विक्रम केला गेला. त्याचं चित्रीकरण छान झालं. ग्वाल्हेर घराण्याचा ख्याल मात्र हद्दू-हस्सू खाँ, नत्थू खाँ यांच्याकडून शंकरराव पंडितांकडे आणि कृष्णराव शंकर पंडितांकडे आला तो घरांत बसून, आणि इचलकरंजीकरबुवांनी तो महाराष्ट्रात नेला तोही वर्षानुवर्षं गुरूच्या घरी राहून. कृष्णरावांनी १९१४ मध्ये सुरू केलेलं शंकर गांधर्व विद्यालय लष्करातलंच. भातखंड्यांच्या पुढाकारानं १९१८ मध्ये निघालेलं माधव संगीत विद्यालयही इथलंच. सरोदवादक हाफिज अली खाँचं जीवाजीगंजातलं वडिलोपार्जित घर आता ‘सरोद घर’ नावाचं वाद्यांचं संग्रहालय आहे. लष्करातलं एखादं जुनं घर अशा रीतीनं वाचू शकतं याचा हा दाखला, आणि असे दाखले मोजकेच. ‘संगीताचं शहर’ ही पदवी या घरांनी मिळवली. उत्सवाचा पैसा मात्र मांडवावर जातो.

२०२०चं वर्ष या इतिहासात दोनदा येतं. एकीकडे ग्वाल्हेर ऐतिहासिक शहरी परिसराच्या उपक्रमात आलं. युनेस्कोच्या २०११च्या त्या शिफारशीचा गाभाच असा की एकेक इमारत सुटी न बघता वस्ती, रस्ते, व्यवसाय, रीतिरिवाज यांच्यासकट शहर बघावं. दुसरीकडे त्याच वर्षी ग्वाल्हेर-श्योपूर छोटी गाडी थांबली, दोन फुटी रुळांवरची, सुमारे २०० किलोमीटरची, शिंद्यांच्या काळात सुरू झालेली. ब्रॉडगेज होणार म्हणून ती गेली, आणि श्योपूरच्या माणसाला ब्रॉडगेज हवीच आहे, त्याला वारशाचं कौतुक सांगण्यात अर्थ नाही. पण थोडा तुकडा राखता आला असता, शहरातून जाणारा. मला तरी ही संधी गमावल्यासारखी वाटते.

लष्करातल्या महाराज बाडा या चौकात चित्र संमिश्र आहे. २०१० मध्ये जळालेलं व्हिक्टोरिया मार्केट पुन्हा उभं राहिलं आणि तिथं आता भूविज्ञानाचं संग्रहालय आहे. आजूबाजूच्या इमारतींवर रात्री रोषणाई असते. फेरीवाले हटतात, परत येतात, कारण गिऱ्हाईक तिथंच आहे. बाडा हा आधी बाजार आहे, मग देखावा. त्याला फक्त देखावा करायचा प्रयत्न जेव्हा जेव्हा झाला, तेव्हा तो फार दिवस टिकला नाही.

किल्ल्याच्या प्रस्तावात बफर झोनची रेषा आखताना दोन टोकाचे मोह होणार. एक, ती कड्याच्या पायथ्याशीच संपवायची, म्हणजे वस्तीचा प्रश्नच येत नाही. दुसरा, ती लांब लष्करापर्यंत ओढायची आणि १०० मीटरवाली मनाई तिथंही लावायची, म्हणजे उरलेले वाडे पत्र्याखाली जातील. दोन्हींच्या मधला रस्ता महानगरपालिकेच्या उपविधींतून जातो: दर्शनी भाग आणि उंची राखण्याची अट, त्या बदल्यात घरपट्टीत सूट, दुरुस्तीला सोपी परवानगी, वाड्यात राहण्याची सोय काढायला मुभा, आणि किल्ल्याच्या तिकिटातला काही हिस्सा खालच्या वस्त्यांच्या नाल्या-गटारांसाठी. तेवढं झालं तर आग्र्याहून सकाळी आलेल्या माणसाला रात्री ग्वाल्हेरात थांबायला काही कारण मिळेल.