पार्श्वभूमी : साखर ‘बॉर्डरवर’ म्हणजे नेमकी कुठे?

उपाशीपोटीची साखर 104 (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर). एका लॅबच्या रिपोर्टवर हा आकडा ठळक छापलेला, पुढे ‘एच’, म्हणजे ‘हाय’. कारण शेजारच्या रकान्यात 70 ते 100 लिहिलेले. दुसऱ्या लॅबच्या कागदावर तोच 104 निमूट बसलेला असतो, कारण तिथे वरची मर्यादा 110. माणूस तोच, रक्त तेच. इकडे ‘बॉर्डरवर’, तिकडे नॉर्मल. यात लॅबवाल्यांचा दोष नाही. हा घोळ 2003 सालचा आहे.

त्याआधीचे थोडक्यात. मधुमेहींच्या लघवीला लागणाऱ्या मुंग्यांची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. 1922 मध्ये इन्सुलिन हाती आले. काहींना ते चटकन लागू पडते, काहींचे शरीर त्याला दाद देत नाही, हे 1936 मध्ये लंडनमध्ये दाखवले गेले. तरी दवाखान्यातली भाषा वयाचीच राहिली : लहानपणीचा मधुमेह आणि उतारवयातला. 1979 मध्ये ‘इन्सुलिनवर अवलंबून’ आणि ‘अवलंबून नसलेला’ अशी नावे आली आणि गोंधळ वाढला. दुसऱ्या गटातल्या अनेकांना काही वर्षांनी इन्सुलिन सुरू व्हायचेच. मग आजारच बदलला की काय, असे घरच्यांना वाटे. 1997 मध्ये याच दोन गटांची नावे टाइप 1, टाइप 2 अशी ठरली. रोमन आकडे मुद्दाम टाळले, कारण रोमन दोन हा अकरा म्हणून वाचला जाण्याची भीती होती.

त्याच वर्षी मधुमेहाची उपाशीपोटीची रेषा 140 वरून 126 वर आली आणि 110 ते 125 असा मधला पट्टा आखला गेला. 2003 मध्ये एका अमेरिकी समितीने पट्ट्याचे खालचे टोक 100 वर ओढले. पुढे मधुमेह कोणाला होईल, याचा अंदाज त्या आकड्याशी अधिक नीट बांधता येतो, हा त्यांचा युक्तिवाद. एका रात्रीत कोट्यवधी धडधाकट माणसे संशयित ठरली, हा विरोधकांचा आक्षेप. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 मध्ये फेरविचार करून 110 च कायम ठेवले. 2010 मध्ये अमेरिकी बाजूने तीन महिन्यांच्या सरासरीच्या चाचणीचा (एचबीए1सी) 5.7 ते 6.4 टक्के हा पट्टाही जोडला. जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्ये हा पट्टा घेतला नाही, या चाचणीची फक्त 6.5 ही मधुमेहाची रेषा मान्य केली. (लोहाची कमतरता असेल तर हा आकडा उगाच वर दिसू शकतो. आपल्याकडे ॲनिमियाचे प्रमाण पाहता ही बारीकशी बाब नाही.)

या वादात एक गोष्ट हरवते. मधुमेह टाळता येतो हे ज्या अभ्यासांनी सिद्ध केले, त्यांनी माणसे निवडली ती 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर 140 ते 199 भरणारी. चीनचा अभ्यास तसाच, फिनलंडचाही तसाच. अमेरिकेत 2002 मध्ये आहार आणि आठवड्याला 150 मिनिटांच्या व्यायामाने धोका 58 टक्क्यांनी घटला, तिथेही ही अट होतीच. चेन्नईच्या 2006 च्या अभ्यासात काहीच न केलेल्या गटातल्या 55 टक्क्यांना तीन वर्षांत मधुमेह झाला. चालणे-खाणे सुधारलेल्या गटात, वजन फारसे न उतरताही, 39 टक्क्यांना. म्हणून 100 की 110 यावर भांडण्यापेक्षा ग्लुकोजचा तो नकोसा गोड ग्लास प्यावा, असे मला वाटते. घरी पोहे-चहा घेऊन दिलेली ‘पीपी’, म्हणजे खाल्ल्यानंतरची साखरेची चाचणी, ही त्याची जागा घेत नाही.

आपल्यासाठी हे जास्त लागू, कारण काट्यावर बारीक दिसणारा माणूस आत चरबी बाळगून असतो. पुण्याजवळच्या खेड्यांतली सरासरी 2.7 किलोची नवजात बाळे इंग्रज बाळांपेक्षा खूपच हलकी होती, पण त्यांच्या पाठीवरच्या त्वचेखालची चरबी जवळपास तेवढीच, हे 2003 मध्ये प्रसिद्ध झाले. पुरुषांची कंबर 90 सेंटिमीटर, बायकांची 80, या भारतीयांसाठीच्या मर्यादा पाश्चात्त्यांपेक्षा कमी ठेवल्या आहेत त्या याच शरीरठेवणीमुळे. 2023 मध्ये आलेल्या देशव्यापी पाहणीत 10.1 कोटी मधुमेही आणि 13.6 कोटी मधल्या पट्ट्यातले निघाले. सर्वाधिक प्रमाण गोव्यात, 26.4 टक्के.

रेषांचे काम अजून संपलेले नाही. कुपोषणाशी जोडलेला मधुमेह 1985 मध्ये वेगळा प्रकार म्हणून यादीत आला, पुरावा अपुरा म्हणून 1999 मध्ये वगळला गेला आणि एप्रिल 2025 मध्ये बँकॉकच्या परिषदेत ‘टाइप 5’ म्हणून परतला. त्यावरही एकमत नाही.