नेलपॉलिश काढली की आधी नखं बघा

जुनी नेलपॉलिश पुसल्यावर लगेच नवी लावू नका. दोन मिनिटं खिडकीजवळच्या उजेडात नखं नीट न्याहाळा. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, पायाचं त्याच्या निम्म्यानं. म्हणून होऊन गेलेल्या दुखण्याची खूण नखावर कित्येक महिने राहते.

बऱ्याच बोटांवर सारख्याच अंतरावर आडवी खाच असेल, तर मुळाच्या कातडीपासून खाचेपर्यंत पट्टीनं मोजा. हाताच्या नखावर ६ मिलिमीटर भरले, तर दोनेक महिन्यांपूर्वीचा डेंग्यू, टायफॉइड किंवा मोठं ऑपरेशन आठवून बघा. त्या दिवसांत नखाची वाढ मंदावलेली असते. खाच पुढे सरकत आपोआप निघून जाते, औषध लागत नाही. एकाच बोटावर असेल तर बहुधा मार लागलेला असतो किंवा मुळाची कातडी उकरायची सवय असते.

पांढरे ठिपके दिसले की लोक कॅल्शियमच्या गोळ्या सुरू करतात. ते बहुतेक वेळा बारीकसारीक ठोकरीचे असतात. गोळ्यांचा खर्च वाचवा.

नख मधोमध खोलगट वाटलं तर त्यावर पाण्याचा थेंब ठेवा. ओघळला नाही, तर डॉक्टरांना दाखवून सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) आणि त्याबरोबर फेरिटिनही (लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) तपासा. हिमोग्लोबिन ठीक असूनही शरीरातला लोहाचा साठा कमी असू शकतो. बोटांची टोकं फुगून नखं गोलाकार वळत असतील, तर छाती आणि हृदयाची तपासणी लांबवू नका.

पायाचं पिवळं, जाड, भुसभुशीत नख म्हणजे बुरशीच, असं धरून चालू नका. सोरायसिस या त्वचारोगातही तसंच दिसतं. औषध सुरू करण्याआधी नखाचा खरवडा लॅबमध्ये तपासून घ्या. बुरशीच्या गोळ्यांचा कोर्स बहुधा १२ आठवड्यांचा असतो, पण अंगठ्याचं नख पूर्ण नवं यायला वर्ष-दीड वर्ष लागतं. महिन्याभरात फरक दिसत नाही म्हणून अनेक जण गोळ्या मध्येच सोडतात आणि बुरशी परत येते. अशा नखावर आम्ही आमच्या पार्लरमध्ये जेल नेलपॉलिश लावत नाही.

सावळ्या त्वचेत अनेक नखांवर बारीक तपकिरी उभ्या रेघा असतात, त्या सहसा निरुपद्रवी. मात्र एकाच नखावर नवी काळी पट्टी आली, रुंदावू लागली किंवा रंग शेजारच्या कातडीवर उतरला, तर त्याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांना गाठा. तो कर्करोग असू शकतो.

मधुमेह असेल तर पेडिक्युअरची वेळ घेतानाच सांगा. आम्ही तुमची नखं सरळ कापू, कोपरे खोल कोरणार नाही. नखुरडं झालेलं असेल तर ते बरं होईपर्यंत थांबा.