गिअर नॉब (स्पोर्ट्स कारचा)

मॅन्युअल गाडीच्या गिअरच्या दांड्याला वरच्या टोकाशी बसवलेली मूठ म्हणजे गिअर नॉब. स्पोर्ट्स कारमध्ये डावा हात सतत तिच्यावर असतो, म्हणून कंपनीचा नॉब काढून आपल्या हाताला बसेल असा लावण्याची हौस जुनी आहे. निवडताना वजन, उंची, आकार, आटे आणि धातू पाहतात. गप्पा सगळ्या वजनाच्या होतात; गोव्यात मात्र पहिला प्रश्न धातूचा असायला हवा.

वजनाचा मुद्दा अगदीच पोकळ नाही. जड नॉब एकदा हलला की स्वतःच्या जडत्वाने दांडा पुढे रेटतो आणि गिअर पडताना मध्येच जाणवणारी अडखळ कमी होते. ५० मिमी व्यासाचा भरीव गोळा अ‍ॅसिटल प्लॅस्टिकचा असेल तर सुमारे ९० ग्रॅम भरतो, अ‍ॅल्युमिनियमचा १७५, टायटॅनियमचा २९५ आणि पोलादाचा ५०० ग्रॅमच्या वर. होंडाने २०२०च्या सिव्हिक टाइप आरच्या अ‍ॅल्युमिनियम नॉबमध्ये ९० ग्रॅमचे वजन घातले ते याचसाठी. उलट पोर्शच्या ९१७ या रेसिंग कारला वजन वाचवण्यासाठी हलक्या बाल्सा लाकडाचा नॉब होता. त्याची आठवण म्हणून पुढे कॅरेरा जीटीला लाकडीच नॉब दिला गेला. झिजलेला सिंक्रोनायझर (गिअर पडताना फिरत्या भागांचा वेग जुळवणारा भाग) किंवा दांड्याखालचे खिळखिळे बुश (आतले नळीसारखे अस्तर) मात्र अर्धा किलोच्या गोळ्याने बरे होत नाहीत, आवाज तेवढा दबतो.

उंचीचे गणित तरफेचे. टेकूपासून ३० सेंमी असलेला दांडा नॉबमुळे ३ सेंमी वाढला, तर हाताचा प्रवास दहा टक्क्यांनी वाढतो आणि जोर जवळपास तेवढाच कमी लागतो. केरी सोडून चोर्ला घाट चढताना वळणावळणावर तिसऱ्यावरून दुसऱ्यावर यावे लागते. तिथे बुटका नॉब झटपट वाटतो, पण मनगट लवकर दुखते.

आकारात एक फसगत ठरलेली. बोटांच्या खाचा असलेले परदेशी नॉब बहुधा उजव्या हातासाठी घडवलेले असतात आणि आपण गिअर डाव्या हाताने टाकतो. पोर्तुगालने १९२८ साली रस्त्याची उजवी बाजू धरली, पण शेजारच्या ब्रिटिश हिंदुस्थानामुळे गोवा डावीकडेच राहिला; नाहीतर या नॉबना इथे आयते गिऱ्हाईक मिळाले असते. गोल नॉबला डावे-उजवे नसते. १९७६च्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयसाठी कंपनीच्या डिझायनर गुनहिल्ड लिल्येक्विस्ट यांनी सुचवलेला गोल्फच्या चेंडूचा नॉब म्हणूनच कुठल्याही हातात बसतो.

आटे जुळले नाहीत तर बाकी सगळे व्यर्थ. होंडाचे बहुतेक दांडे एम१० × १.५ (म्हणजे व्यास १० मिमी आणि दोन आट्यांमधले अंतर १.५ मिमी), माझदा एमएक्स-५ चा एम१० × १.२५, टोयोटा ८६ चा एम१२ × १.२५, फोक्सवॅगनच्या बहुतेक दांड्यांना आटेच नसतात. १.५ चा नॉब १.२५ वर दोन फेरे सुरळीत जातो आणि मग रुततो. तिथे पाना लावला की आटे मेलेच. रिव्हर्ससाठी नॉबखालची रिंग उचलावी लागत असेल तर ती उचलायला जागा उरते का, हेही आधीच पाहावे.

आता धातू. मे महिन्यात पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर गाडी तासभर उन्हात उभी करून परत आलात, तर अ‍ॅल्युमिनियमचा नॉब हाताला चटकाच देतो. तेवढाच तापलेला स्टेनलेस स्टीलचा नॉब जरा कमी चावतो, कारण उष्णता वाहून नेण्यात अ‍ॅल्युमिनियम त्याच्या दहापट पुढे. अ‍ॅसिटल दोघांपेक्षा सुखाचा. दुसरे दुखणे खाऱ्या हवेचे. पोलादी दांड्यावर अ‍ॅल्युमिनियमचा नॉब थेट बसवला की खारट दमटपणात दोन धातूंमध्ये गंज धरतो. दोन पावसाळ्यांनंतर नॉब फिरवायला जावे तर तो जागचा हलत नाही. जोर लावून निघालाच तर आट्यांतून पांढरी पूड सांडते. बसवतानाच आट्यांना ग्रीस लावणे किंवा आत प्लॅस्टिकचे बुश असलेला नॉब घेणे हा स्वस्त उपाय आहे. कातडी नॉब उन्हात सोसतो, पण किनाऱ्याजवळ बंद राहिलेल्या गाडीत जुलैपर्यंत त्याच्यावर हिरवट बुरशी येते.

लाकूड राहिले. शिसव किंवा सागाचा गोळा ना पोळतो ना गंजतो. आटे मात्र लाकडात न पाडता धातूच्या बुशात असावेत. सावंतवाडीच्या लाखेच्या खेळण्यांसारखा रंगीत चकचकीत नॉब करून घेण्याचा मोह होतो. पण ती लाख लाकडावर चढते ती लेथवरच्या घर्षणाने मऊ होऊन, आणि काचेखाली तापलेल्या गाडीतही ती चिकट होऊ शकते. नुसते जवसाचे तेल पाजलेले लाकूड बरे. घामाने ते काळपट होत जाते, पण ज्याने गाडी चालवली त्याच्या तळव्याच्या आकाराचा डाग त्यावर पडतो, आणि अनेकांना तोच आवडतो.