उसाचा ट्रॅक्टर आणि अपोफिस

गळीत हंगामात कोल्हापूरच्या फुलेवाडीच्या रस्त्यालगत राहायचं म्हणजे उसाच्या ट्रॅक्टरांवरची गाणी ऐकतच झोपायचं. डोळे मिटलेले असले तरी कळतं. कारखान्यावरून रिकाम्या ट्रॉल्या खडखडवत सुसाट येणाऱ्या ट्रॅक्टरचं गाणं जवळ येताना किंचित चढ्या पट्टीत असतं आणि घर ओलांडलं की सूर खाली येतो. हाच डॉप्लर परिणाम. पृथ्वीजवळून जाणाऱ्या लघुग्रहाचा वेग रडार असाच ओळखतं. फक्त लघुग्रह स्वतः गात नाही. रेडिओ लहरींचं गाणं आपणच पाठवायचं आणि प्रतिध्वनी ऐकायचा.

शोधण्याचं काम मात्र दुर्बिणीचं. आकाशाच्या एकाच तुकड्याचे थोड्या थोड्या वेळानं फोटो घ्यायचे. तारे जागच्या जागी, एखादाच ठिपका सरकलेला. त्यातून दिशा नेमकी कळते, अंतर थेट कळत नाही. म्हणून सुरुवातीला कक्षा अंधूक असते आणि बातम्या भडक.

२००४ मध्ये सापडलेल्या अपोफिसचंच बघा. सुमारे ३४० मीटरचा हा दगड १३ एप्रिल २०२९ ला आदळण्याची शक्यता त्या डिसेंबरात २.७ टक्क्यांवर गेली होती. २०२४ वायआर४ या दुसऱ्या लघुग्रहाची २०३२ सालासाठीची शक्यताही फेब्रुवारी २०२५ मध्ये ३.१ टक्क्यांपर्यंत चढली आणि आठवडाभरात नगण्य झाली. यात शास्त्रज्ञांचं काही चुकलं नव्हतं. पाहुणे शाहूपुरीत आलेत म्हटल्यावर ते आपल्याकडेच येण्याची शक्यता थोडी. आपल्याच गल्लीत शिरले म्हटल्यावर वाढली. शेजारचं दार वाजलं, की शून्य!

अपोफिसच्या बाबतीत २०२९ चा धोका जुन्या फोटोंमुळे लवकरच निकालात निघाला, पण २०६८ ची शंका उरली होती. ती मार्च २०२१ मध्ये रडारनं मिटवली. कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोनच्या ७० मीटर व्यासाच्या अँटेनानं १ कोटी ७० लाख किलोमीटरवर लहरी सोडल्या. त्या परतायला जवळजवळ १ मिनिट ५३ सेकंद लागले. ही वेळ मोजली की अंतर हातात. निदान १०० वर्षं तरी टक्कर नाही, हे त्यातून पक्कं झालं.

मग सगळं रडारवरच का सोपवत नाहीत? अंतर दुप्पट झालं की प्रतिध्वनी सोळापट क्षीण होतो. शिवाय रडारचा झोत इतका अरुंद, की कुठं बघायचं हे आधी दुर्बिणीनं सांगावं लागतं. (आपली खोडदची रेडिओ दुर्बीण जीएमआरटी इथं कामाची नाही, ती फक्त ऐकते, लहरी सोडत नाही.)

२०२९ मध्ये अपोफिस जमिनीपासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून जाईल. म्हणजे आपल्या छपरावरच्या डिशला सिग्नल देणाऱ्या उपग्रहांच्याही अलीकडून! सर्वांत जवळ येईल तेव्हा आपल्याकडे १४ एप्रिलच्या पहाटेचे सव्वातीन वाजलेले असतील.